गाठींची दोरी: नारपोली ते अकलोली

आईला अकलोलीच्या गरम कुंडात एकदा उतरायचं होतं. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून ती आधाराशिवाय एक पायरीही उतरत नाही. "हे जमलं नाही, तर यापुढे मला कुठे नेऊ नकोस," असं तिने बजावलं आणि आम्ही दोघी नाशिकहून एसटीने निघालो. रस्त्याकडेला गोदामांच्या रांगा दिसू लागल्या की सामान आवरायला घ्या. भिवंडी फाट्यावर बस फार थांबत नाही.

मुक्काम नारपोलीत, आईच्या धाकट्या बहिणीकडे, सुमनमावशीकडे. खाली भाड्याने दिलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, वर घर. पहिला तासभर खडखडाटाने डोकं उठतं. मग तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण समोर आलं की आवाज विसरायला होतो.

जिना उभा, अरुंद, बिनकठड्याचा. भिंतीला मात्र एक दोरी. कापडाच्या काठांच्या कातरलेल्या रंगीत पट्ट्यांची वेणीच घातलेली. प्रत्येक पायरीपाशी एक गाठ आणि शेवटच्या पायरीला जोडगाठ. संध्याकाळी भारनियमन सुरू झालं, लूम एकदम गप्प झाले आणि त्या अंधारात आई दोरी धरून एकटी खाली उतरली! मावशी खालून ओरडत होती, "जोडगाठ लागली? मग टाक पाय, जमीन हाय!"

मी दोरीचे भरपूर फोटो काढले. मग मलाच खटकलं. ज्या गोष्टीचं मी एवढं कौतुक करते, ती या घराची अडचण तर नसेल? कठडा का नाही लावला, ते विचारून टाकलं.

"कठडा लावला होता की," मावशी म्हणाली. "पन कापडाचे तागे खांद्यावर घेऊन चढाया जागाच न्हाय उरली. काढला."

दुसऱ्या दिवशी मावशीलाही घेऊन वज्रेश्वरीची एसटी, पुढे अकलोलीपर्यंत शेअर रिक्षा. रविवार टाळा, फार गर्दी असते. दोरी सोबत घ्यायचा हट्ट माझा.

कुंडाच्या पायऱ्या बुळबुळीत. आई वरच थबकली. "मी इथंच बसते."

"येवढ्या लांब पानी बगाया आलीस? ते बादलीत दिसलं असतं!" मावशीने दोरी वरच्या खांबाला बांधली.

आई डोळे मिटून, गाठ गाठ चाचपत उतरू लागली. हाताला जोडगाठ लागली आणि तिने निर्धास्त पाय टाकला. इथे आणखी एक पायरी होती. धपकन ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली. 

"सुमे, तुजी गाठ खोटारडी हाय!"

"गाठ माज्या जिन्याची हाय, बाय. जिना तू बदललास!"

दोघी इतक्या हसल्या की आजूबाजूच्या बायकाही हसायला लागल्या. लागलं कुठेच नव्हतं. पुढे आई पाण्यातून निघायलाच तयार होईना.

निघताना मावशीने दोरी आम्हालाच दिली; स्वतःसाठी ती नवी वळणार होती. घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर मी तिच्यासाठी जागा हेरून ठेवली होती. सकाळी उठून पाहते तर दोरी न्हाणीघराच्या दाराशी बांधलेली, ओली. आईने सगळ्या गाठी सोडून एकच ठेवली होती.

आमच्या न्हाणीला पायरी एकच आहे.