टोलेबाईंचे दोन टोले

टोलेबाई हवेला मारलेला टोलासुद्धा मोजत. काठी वरून सपकन खाली यायची, चेंडू जागचा हलायचा नाही, आसपास माझ्याशिवाय चिटपाखरू नसायचं, आणि बाई कपाळावरचे केस मागे सारून म्हणायच्या, "एक." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, पण चेंडूला लागलं कुठं?" त्या म्हणाल्या, "चेंडूला नसेल लागलं. मी मारला होता की." मला तो शुद्ध खुळेपणा वाटला. मी पडले शाळामास्तरीण. पाटीवरचं चुकलेलं गणित थुंकी लावून पुसणारी पोरं रोज बघायची. चूक आपल्या हातानं मांडून ठेवणारं माणूस माझ्या पाहण्यात नव्हतं.

द्वैभाषिक राज्याची ती शेवटची दोन वर्षं. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम जोरात चाललं होतं आणि मी पाथरीहून कॅम्पावरच्या शाळेत आले होते. निजामाच्या अमलात माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. बेरीज शिकवताना 'हातचा एक' म्हणायच्या जागी तोंडातून 'हासिल एक' निघायचं आणि अख्खा वर्ग खिदळायचा. टोलेबाई ह्या कॅम्पावरच्या मोठ्या इंजिनिअरसाहेबांच्या पत्नी. माहेर सिकंदराबादचं, वडील लष्करी दवाखान्यात डॉक्टर. त्यांनीच लेकीला परकरातल्या वयात गोल्फ शिकवला. नऊवारी नेसणारी आई म्हणायची, ही काठी चुलीत घालते. बाईंनी आईची काठी चुकवली आणि स्वतःची सोडली नाही.

टोलेबाई हे नाव पारूबाईनं ठेवलं. पारूबाई धनगराची, चाळीसेक मेंढरं राखायची. धरणाच्या वरच्या अंगाला नदीकाठी गायरान होतं, पुढेमागे पाण्यात जायचंच होतं, म्हणून तिथे पाच खड्डे खणून खेळायची परवानगी बाईंनी मिळवली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांचा चेंडू पारूबाईच्या एडक्याच्या पायाला लागला. पारूबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "तुमी चेंडू मारायलाव का माजी मेंढरं मारायलाव?" बाईंनी काठी तिथेच टाकली, घरून तेल-हळद आणली आणि मांडी घालून एडक्याचा पाय चोळत बसल्या. साहेबाची बायको शेणामुतात बसलेली पाहून पारूबाईच ओशाळली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या टोलेबाई, लय न्हाई लागलं." तेव्हापासून सगळं गाव त्यांना टोलेबाई म्हणू लागलं. त्यांना ते आवडायचं.

मग दोघींचं ठरलं. सकाळी मेंढरं चरतील, संध्याकाळी बाई खेळतील. गवत कापायला माळी ठेवावा लागला नाही. अडचण एवढीच की खड्ड्याभोवती हिरवळ धरेना. बाईंनी तिथे नदीची वाळू पसरली आणि ती उडू नये म्हणून गाड्यांचं जळकं तेल मिसळलं. झाडाच्या अळ्यासारखं ते गोल दिसायचं, म्हणून आम्ही त्याला अळंच म्हणायचो. रोज त्यात मेंढरांच्या खुरांचे ठसे उमटलेले असत. चेंडू अळ्यात आला की शेवटचा हलका टोला मारण्याआधी खड्ड्यापर्यंतची वाळू तळहातानं सारखी करावी लागे. वाळूच्या अळ्यांवर तो रिवाजच होता, तो नियमात बसायचा.

आता माझा भाग. टोले दुसऱ्या माणसानं लिहायचे, असा त्या खेळाचा दंडक. कॅम्पावरच्या बाकीच्या बायकांना उन्हाचं वावडं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बाई सुरुवातीला वाळू सारखी करायची विसरत. चेंडू खुराच्या ठशात अडकून भलतीकडे वळायचा आणि बाई मुकाट्यानं टोला मोजायच्या. मला चैन पडेना. त्या चेंडूवर वाकल्या की मी मागून म्हणायची, "बाई, हात फिरवा." त्या हसून हात फिरवायच्या. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, पाच खड्ड्यांना पाच वेळा मी हे म्हटलं. पुढे पुढे त्या माझ्या तोंडाकडे बघायच्याही नाहीत. मी बोलले की हात आपोआप जायचा.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांना पत्र आलं. कलकत्त्याला तीन-चार देशांच्या बायकांचा सामना होणार होता. सगळ्या हौशी, बक्षिसाच्या पैशाला न शिवणाऱ्या. प्रत्येक देशाच्या तिघी, तिघींचे टोले मिळवायचे, ज्यांचे सगळ्यांत कमी त्यांचा कप. माहेरी गेल्या असताना बाई सिकंदराबादला खेळल्या होत्या, तो खेळ कुणाच्या तरी लक्षात राहिला होता. आपल्या तिघींत तिसरं नाव त्यांचं होतं. पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हे एकदा वाचा आणि खरं आहे का ते सांगा."

साहेब वाईट नव्हते. धरणाच्या कामानं पिचलेले होते, आणि बायको रानात काठी घेऊन फिरते यावर वरचे लोक त्यांची थट्टा करत. त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, "जा एकदा. कप घेऊन आलीस तर पुढं कधी अडवणार नाही. नाही आणलास तर ही पिशवी माळ्यावर, आणि मग हा विषय घरात नको." बाई नुसतं "हौ" म्हणाल्या. त्या 'हौ'च्या आत काय होतं ते मला ठाऊक होतं. वडील गेलेले, मूलबाळ नाही, सासरची माणसं लांब आणि तिरसट. या बाईजवळ स्वतःचं म्हणावं असं त्या पिशवीतल्या काठ्यांपलीकडे काही नव्हतं.

साहेबांना रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी गेले. मनमाडला गाडी बदलली. वाटेत बाईंनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. मी धपाटे संपवले. कलकत्त्याचं मैदान पाहून मी दबकलेच. तिथे वाळूची अळी नव्हती. खड्ड्याभोवती गालिच्यासारखं बारीक गवत होतं. पहिले दोन दिवस मला लांब व्हरांड्यात बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या आणि पाय चेपत म्हणाल्या, "चांगलं चाललंय. बोलू नका, दृष्ट लागंल." मी मिठाची चिमूट उतरवून टाकली.

शेवटच्या दिवशी शेवटच्या खड्ड्यापाशी लोकांना दोरीपर्यंत येऊ दिलं. आपल्या संघातल्या बाकीच्या दोघींचा खेळ संपला होता, इतर देशांचाही. सगळं बाईंवर येऊन ठेपलं होतं. हा चेंडू एका टोल्यात पडला तर कप एका टोल्यानं आपला. चेंडू खड्ड्यापासून चारेक हातांवर होता. मी दोरीला लागून त्यांच्या पाठीमागेच उभी होते. बरोबर खेळणारी परदेशी बाई आपला खड्डा आटोपून, पाठमोरी होऊन आपला चेंडू पुसत होती. टोलेबाई वाकल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा वाकल्या. मला वाटलं, घाबरल्यात, विसरल्यात. माझ्या तोंडातून हळूच निघून गेलं, "बाई, हात फिरवा."

त्यांचा हात गेला. चेंडूपुढच्या गवतावरून तळहात एकदा फिरला, अगदी येलदरीसारखा. मग हात मध्येच थांबला. त्या क्षणभर तशाच ओणव्या राहिल्या. मग उठल्या, टोला मारला आणि चेंडू खड्ड्यात पडला.

टाळ्या वाजल्या. आपल्या तिघींच्या कप्तानबाई धावत आल्या आणि त्यांनी टोलेबाईंना मिठी मारली. मी पदरानं डोळे पुसत होते. बाई मिठीतून सुटून सरळ टेबलाकडे गेल्या. त्यांचा टोल्यांचा कागद तिथे लिहायला घेतला होता. त्या म्हणाल्या, "यात दोन वाढवा. मी चेंडूच्या वाटेला हात लावला." टेबलापाशी बसलेल्या म्हाताऱ्या पंचानं कागदावर दोन वाढवले. हिरवळीवर चेंडूच्या वाटेला हात लावला तर दोन टोले दंड. मला हे तेव्हा, त्या टेबलापाशी कळलं. एका टोल्यानं जिंकलेला सामना एका टोल्यानं गेला.

कप्तानबाई मागोमाग आल्या होत्या. "कुणी पाहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी होते की तिथं," टोलेबाई म्हणाल्या.

"मेंढरांच्या कुरणात खेळणारीला घेतलं की हेच व्हायचं," असं बोलून कप्तानबाई निघून गेल्या. मी दोन हात अंतरावर उभी होते. तोंड उघडायचं होतं, पण उघडलं नाही. कुणीतरी म्हणेल, ही कोण बोलणारी, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, माझ्यावर येईल याची भीती वाटली.

परतीच्या वाटेवर नागपूरला बाईंनी संत्री घेतली. सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, खा. कालपासून तुमच्या पोटात काही नाही." हरलेल्या त्या होत्या आणि समजूत माझी काढत होत्या. मी संत्रं खाल्लं. त्याची चव मला अजून आठवते आणि अजून लाज वाटते.

घरी पोचलो तेव्हा साहेबांना सगळं कळलेलं होतं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "इतकी वर्षं खेळून एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती तुला?" बाई म्हणाल्या, "चुकलं." मी वळकटी घेऊन दारात उभी होते. बोलायची ती दुसरी वेळ. पण माझी नोकरी साहेबांच्या शेऱ्यावर होती, आणि पाथरीला माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या. मी वळकटी ठेवली, 'येते' म्हटलं आणि खोलीवर आले.

पिशवी माळ्यावर गेली. त्यातली एक काठी तेवढी बाईंनी पारूबाईला दिली; बाभळीच्या शेंगा ओढायला तिला ती फार सोयीची पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गायरानाकडे चालत गेलो तेव्हा बाईंचे हात मोकळे होते. पारूबाईनं विचारलं, "टोलेबाई, आज चेंडू न्हाई का आणला?"

"खेळ संपला पारूबाई."

"मंग मेंढरं दिसभर सोडू का हितं?"

"हौ, सोडा," बाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून नदीकडे चालू लागल्या. त्यांना रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

चार महिन्यांनी साहेबांची बदली झाली. जीप दारात उभी होती. मी खणानारळानं बाईंची ओटी भरली आणि सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी मागून बोलले म्हणूनच..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "हात माझा होता, बाई," त्या म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. साहेब पुढे बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही. जाईल इतक्या मोठ्यानं मीही बोलले नव्हते.

पुढे पाणी चढलं. पाचही अळी त्याखाली गेली आणि पारूबाई मेंढरं घेऊन वालूरकडे सरकली. बाईंची दोन पत्रं आली, त्यांत खेळाचा शब्द नव्हता. तिसरं पत्र साहेबांच्या अक्षरात होतं. बाई गेल्या होत्या. खाली साहेबांनी लिहिलं होतं, "माळ्यावरची पिशवी काढली. पुस्तकात तो नियम तिनं स्वतः पेन्सिलीनं अधोरेखित केलेला आहे. मग तिचा हात गेला कसा, हे मला समजत नाही. तुम्ही तिथे होता. काही आठवत असेल तर कळवा."

मी उत्तर लिहिलं नाही. आज लिहिते, उद्या लिहिते करत वर्षं गेली, मी हेडमास्तरीण झाले, निवृत्त झाले. साहेब आता असतील की नसतील, कुणास ठाऊक. पण असले आणि हे त्यांच्या वाचनात आलं, तर त्यांना कळवायचं ते एवढंच. साहेब, तिला नियम पाठ होता. 'हात फिरवा' असं मागून मी म्हणाले. आपले सगळे टोले तिनं मोजले, हवेतलेसुद्धा. तेवढे दोन तिच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर लिहा.