हिलालनानांचा पिवळा घड

"ताई, तू मना माल पिकाडी टाका."

हिलालनानांनी स्टुडिओच्या काउंटरवर मोबाइल ठेवला आणि एवढंच म्हणाले. तू माझा माल पिकवून टाकलास. मोबाइलमध्ये त्यांचाच फोटो होता. तो मी काढला होता, आठ दिवसांपूर्वी, भडगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला. सव्वीस वर्षांच्या कामातला माझा सगळ्यात चांगला फोटो, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं.

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. प्रकरण चहावर मिटणारं दिसत नव्हतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. जळगावात माझा स्टुडिओ आहे. वडिलांचा धुळ्यात होता, काम मी तिथेच शिकले. पासपोर्ट साइज, साखरपुडे, लग्नं, बारशी. आमच्या धंद्यात चेहरा जसा आहे तसा द्यायचा नसतो. तीळ, मुरूम, घाम, शर्टावरचा डाग, सगळं कम्प्युटरवर पुसायचं. याला रिटचिंग म्हणतात. आता मला ते करताना विचारही करावा लागत नाही. भाजी निवडावी तसा हात चालतो.

गेल्या वर्षी लग्नसराई संपली तेव्हा मी कंटाळले होते. सगळ्या नवऱ्या एकाच बाजूला मान वळवून हसतात, कारण मीच त्यांना तसं सांगते. मग मोबाइलवर स्ट्रीट पोर्ट्रेट पाहिली. म्हणजे रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला विचारून, तो आहे तिथेच, त्याचा फोटो काढायचा. मी मिस्टरांना म्हटलं, आपणही करून बघू. ते म्हणाले, "लोक स्वतः चालत तुझ्याकडे येतात. तुला उन्हात जायची काय हौस?"

मी गेले. पहिले तीन रविवार जळगावच्या बाजारात. भाजीवाल्या अक्कांना विचारलं की त्या आधी वांगी झाकायच्या, मग पदर सारखा करायच्या आणि सावधानमध्ये उभ्या राहायच्या. एका पानवाल्याने विचारलं, "मागे पांढरं कापड लागेल का?" तिन्ही रविवारी मी उन्हात उभी राहून पासपोर्ट फोटोच काढले.

चौथ्या रविवारी भडगावला अल्बम पोचवायला गेले होते. वाटेत केळीच्या बागेसमोर ट्रक भरणं चाललं होतं. खांद्यावर घड घेऊन एक म्हातारे गृहस्थ बांधावर आले. उंच, काटक, कपाळावर आडव्या रेषा. हेच हिलालनाना. केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. कुठला घड आज कापायचा आणि कुठला ठेवायचा, हे टोळीत मुकादमच ठरवतो.

मी फोटोचं विचारलं.

"काय करशी फोटोनं?"

"लोकांना दाखवेन."

"दखाड मंग," म्हणाले, आणि घड खाली न ठेवता माझ्याकडे बघत उभे राहिले. कपडे झटकले नाहीत, हसले नाहीत. मी चार वेळा बटण दाबलं. तिसरा फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला.

रात्रीपर्यंत दम निघेना म्हणून संध्याकाळीच एडिटिंगला बसले. पंचाईत अशी की स्टुडिओत एडिटिंगची एकच स्टाइल, गोरं करायची. इथे निवडायची होती. आधी ब्लॅक अँड व्हाइट केला. नाना श्रद्धांजलीच्या फलकावर शोभतील असे दिसू लागले. मग काळोखी, खरखरीत स्टाइल लावली. त्यात ते कुणाचा तरी खून करून आल्यासारखे वाटले. सवयीने चेहरा मऊ करून पाहिला, तर थेट नवरदेव. शेवटी एक सोनेरी प्रीसेट लावला. प्रीसेट म्हणजे तयार मसाला, एका बटणात सगळ्या फोटोची चव बदलते. यात कातडी तांब्यासारखी होते आणि हिरवा रंग पिवळ्याकडे सरकतो. नाना सोन्यात न्हाऊन निघाले. घडाच्या दांड्यापासून हातावर, कोपरापर्यंत, काही पांढरट ओघळ होते, तेवढे पुसले. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. नानांच्या सूनबाईंचा नंबर घेतला होता, त्यांनाही पाठवला.

लोकांनी लाइकचा पाऊस पाडला. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "किती खरा चेहरा!" मी तो शेरा मिस्टरांना दोनदा वाचून दाखवला.

आता नाना माझ्यासमोर उभे होते आणि फोटोतल्या घडावर बोट ठेवून विचारत होते, "हाऊ पिवळा कसा व्हयना?"

मग नानांच्या बोलण्यातून मला सगळं समजलं. सूनबाईंनी फोटो स्टेटसला ठेवला. तिथून तो केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. ग्रुपवर कुणीही नानांचा चेहरा पाहिला नाही. सगळ्यांनी घड पाहिला.

केळी हिरवीच कापतात. माल ट्रकमधून उत्तरेला जातो, वाटेत दिवस जातात. एक पिकलेला घड आत गेला तर तो शेजारच्यांनाही पिकवतो आणि पोचेपर्यंत ट्रकचा चिखल होतो. नेमका त्याच आठवड्यात रमणशेठ नावाच्या व्यापाऱ्याचा एक ट्रक असा खराब होऊन पोचला होता. त्यांच्याकडे तीन टोळ्या कापायला. पिकलेला माल कुणी भरला याचा शोध चालू असतानाच माझा सोनेरी फोटो ग्रुपवर उगवला. शेठनी नानांच्या टोळीला कामावरून काढलं. चौदा माणसं घरी बसली.

"चाळीस वरीस व्हयनात," नाना म्हणाले. "मना कोयताले पिवळा घड लागेल नही. आते बठ्ठा गाव म्हणस, हिलालनी नजर गई."

चाळीस वर्षांत कोयत्याला पिवळा घड लागला नव्हता, आणि आता अख्खा गाव म्हणत होता, हिलालची नजर गेली. मुकादमाकडे नजर सोडून दुसरं असतं काय? मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे न बघता लॅपटॉपची बॅग शोधायला लागले.

त्याच दिवशी मी नानांना स्कूटरवर मागे बसवून भडगावला गेले. रमणशेठ गोडाउनबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी लॅपटॉप उघडून दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे कॅमेऱ्यातला ओरिजिनल, घड हिरवागार. उजवीकडे माझा.

"शेठ, रंग मी बदललाय. नानांची काही चूक नाही."

शेठनी शांतपणे ऐकलं. "ताई, हिरव्याचा पिवळा करता येतो?"

"येतो."

"मग पिवळ्याचा हिरवा?"

"तोही येतो."

"मग यातला खरा कुठला, ते मी कसं ओळखू?"

फाइलची तारीख, कॅमेऱ्याचा नंबर, सगळं सांगून पाहिलं. शेठ मान हलवत होते, पण ती हो म्हणणारी मान नव्हती. नाना ट्रकला टेकून दुसरीकडेच बघत होते. आपण एका माणसाची चाळीस वर्षं दहा मिनिटांत पुसली आणि आता परत आणता येत नाहीत, असं मला वाटलं. मी लॅपटॉप मिटायला निघाले.

तेवढ्यात शेठनी चष्मा वर केला आणि डावीकडच्या फोटोवर वाकले.

"हातावर हे पांढरं काय आहे?"

"डाग होते. दुसऱ्यात मी पुसलेत."

"डाग?" शेठनी माझ्याकडे पाहिलं. "मोठं करा."

मी फोटो मोठा केला. घडाच्या कापलेल्या दांड्याला एक थेंब लटकला होता. तिथून दुधाळ ओघळ नानांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला होता.

"हा चीक आहे," शेठ म्हणाले. "कच्चा घड कापला की असा गळतो. पिकल्याला एवढा चीक कुठला? ताई, हा तुम्ही आत्ता टाकला तर नाही ना?"

"शेठ, मला तो चीक आहे हेच माहीत नव्हतं. मी टाकणार कशी?"

"जळगावात राहून माहीत नाही?"

"कपड्यांवर वाळलेल्या चिकाचे काळे डाग माहीत आहेत. जळगावात केळी डझनावर येतात, शेठ. चीक गळून गेल्यावर."

माझ्या फाइलवर शेठचा विश्वास बसला नव्हता. अडाणीपणावर बसला. त्यांनी नानांना हाक मारली.

"नाना, कच्चाच शे. सकाळले टोळी लई या." म्हणजे सकाळी टोळी घेऊन या.

नाना लॅपटॉपपाशी आले. त्यांनी आधी डावा फोटो पाहिला, मग उजवा. उजव्यातल्या स्वतःच्या स्वच्छ हातावर बोट ठेवून मला म्हणाले, "हाऊ हात मना नही." आवाजात राग नव्हता. फक्त माहिती दिल्यासारखं सांगितलं.

पिकलेला माल दुसऱ्याच टोळीने भरला होता, हे पुढे बाहेर आलं. तो माझा विषय नाही.

सोनेरी फोटो मी काढून टाकला. त्या जागी ओरिजिनल टाकला, उजेड किंचित वाढवून. घड हिरवा, हात चिकाने भरलेला. लाइक अगदी मोजके आले. पुण्याच्या बाई फिरकल्या नाहीत. पण केळीवाल्यांच्या ग्रुपवर नानांच्या नावापुढे अंगठ्यांची रांग लागली, असं सूनबाईंनी कळवलं. पहिला अंगठा रमणशेठचा होता. त्या फोटोची मोठी प्रिंट मी फ्रेम करून नानांच्या घरी नेऊन दिली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, काच पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "कपडा बी तेच शेतस." कपडेही तेच, चिकाच्या डागांचे.

स्ट्रीट पोर्ट्रेट मी अजून काढते. स्टाइलचं मात्र उलटं झालंय. आधी समोरच्याला विचारते, हे अंगावर काय लागलंय, कशाचं आहे, आणि मगच कम्प्युटरला हात लावते.

ही सवय आता स्टुडिओतही शिरली आहे. परवा एक मुलगी बायोडाटाचा फोटो काढायला आली. हनुवटीवरचा तीळ काढून टाका म्हणाली. मी माउस धरला आणि विचारलं, "नक्की? नंतर हा तीळ पुरावा म्हणून कुणाला दाखवायला लागणार नाही ना?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मिस्टर मागून म्हणाले, "तू हिला आता भडगावला घेऊन जा."