सुदामाचं एक अक्षर

केदारखेड्याची एसटी उशिरा पोचली आणि जालन्याच्या स्टेशनावर आम्ही धावतच हैदराबादची गाडी गाठली. मला तिथं लागलेली प्रयोगशाळेतली नोकरी म्हणजे नक्की काय, हे मायला ठाऊक नव्हतं. तरी खिडकीचा गज धरून तिनं मला काम नेमून दिलं. "तिथं मोठाल्या मशिनी हायेत म्हन्त्यात. आपल्या सुदामाला काय झालं ते बराबर बघ. माझ्यानंच झालं का, तेवढं सांग मला."

सुदाम माझा धाकटा भाऊ. त्याची उंची माझ्या कमरेच्या फारशी वर गेलीच नाही. पोटुशी बाईनं ग्रहणात विळ्याला हात लावू नये, अशी आमच्याकडची रीत. सुदामाच्या वेळी मायनं नेमका ग्रहणातच म्हशीसाठी घास कापला होता. भावकीनं तिला ते जन्मभर ऐकवलं. आमचे वडील, बापू, तेव्हा गप्प बसायचे आणि मला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग यायचा.

हैदराबादेत मी कांद्याच्या मुळातल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायला शिकले. दोन होण्याआधी पेशी आपल्या डीएनएची अख्खी नक्कल उतरवते. नक्कल चालू असतानाच तपासणीही होते, चुकलेलं अक्षर काढून बरोबर बसवलं जातं. इतका कडक मास्तर आमच्या शाळेत एकही नव्हता! तरी एखादं अक्षर निसटतंच. ते का निसटतं, कुठं निसटतं, याचं मला वेडच लागलं. कँटीनमध्ये इडली-सांबार गार व्हायचं आणि मी कागदावर अक्षरं मांडत बसायची. काही वर्षांनी सुदामासारख्या माणसांमधलं ते बदललेलं अक्षर सापडल्याचं वाचलं, तेव्हा भर लायब्ररीत मला रडू कोसळलं. एवढ्या मोठ्या पोथीत एकच अक्षर. हा बदल बहुतेक वेळा बापाच्या बीजात नक्कल उतरताना होतो, हेही पुढं कळलं.

त्या दिवाळीला घरी गेले. ओसरीवर सुदाम झंपर शिवत होता. पाय पोचावेत म्हणून शिलाई मशीनच्या पायडलवर त्यानं स्वतःच लाकडी ठोकळे बसवून घेतले आहेत.

"माय, गिऱ्हानाचा बिलकुल संबंध न्हाई," मी म्हणाले. "नक्कल उतरताना चूक झाली, बस."

मायच्या आधी बोलले ते बापू. "कोनाकडची चूक? माझ्याकडची असंल तर तसं सांग."

"बहुतेक तुमच्याकडूनच, बापू. पन ते कुनाच्या हातात नसतंय."

बापू मायकडं वळले. "ऐकलं का? तुझं न्हाई ते. म्या तवाच बोलाया पायजे व्हतं."

माय पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. मलाही आवरेना. तेवढ्यात सुदामानं मशीन थांबवली.

"अक्का, मघापासून चूक चूक काय करून राह्यलीस? म्या हितं बसलोय न्हं!"

पहिल्यांदा हसली ती मायच, रडता रडता.

तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच गाव सोडून गेलात, मोठमोठं शिकलात. मीही अजून हैदराबादेतच आहे, रोज अशीच बदललेली अक्षरं शोधते. सापडलं की त्याला नंबर देते आणि पुढच्याकडं वळते. पण केदारखेड्यात त्यातल्या एका अक्षराला नाव आहे आणि ते मला अक्का म्हणतं. माझं घर तेच.