सगळ्यात जड पॉवर बँक

मंडळी, आज डोकं लय तापलं हाय!

मेडशीत सकाळपासून लाईट नव्हती अन् माह्या पोरीची नोकरीची मुलाखत मोबाईलवर होती. म्हटलं, काल रिसोडातून नवीन पॉवर बँक आणला, चिंता कायची?

मुलाखत अर्ध्यात आली अन् मोबाईल बंद! पोरगी अजून रडून राह्यली.

रागानं पॉवर बँक फोडला. आत बोटाएवढा सेल अन् बाकी रेतीची पुडी!

शेजारणीच्या फोनवरून दुकानदाराले झापलं, तं म्हणते कसा, "ताई, तुमीच तं हातात तोलून सगळ्यात जड निवडला!"

निवडला ना! टरबूज घेतो तसाच घेतला. आमी असेच घेतो हे त्या नालायकाले माईत हाय, म्हणूनच तं तो रेतीवाला माल ठेवते.

आता सांगा, तुमचा पॉवर बँक किती जड हाय?