दोन तारा आत, एक बाहेर

भाऊमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाड्यावर, शहराच्या भर चौकात, पत्रकं वाटत होते... त्यांचाच विभाग दुसऱ्यात विलीन करण्याविरुद्धची. उरलेली पिशवीत कोंबली आणि टेम्पोनं मामांची गल्ली, दाना ओली, गाठली.

मामा कॉलेजात क्वांटम सर्किट शिकवायचे. या सर्किटांत पुसापुशी चालत नाही, हे त्यांनी मला मटार सोलता सोलता समजावलं होतं. जितक्या तारा आत, तितक्याच बाहेर. प्रत्येक पायरी उलटी फिरवता आली पाहिजे, मधला पसारासुद्धा आल्या वाटेनं मागे जाऊनच आवरायचा. आणि हे सगळं कमीत कमी गेटांत, म्हणजे कमीत कमी पायऱ्यांत, कसं बसवायचं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. घरच्या फळ्यावरही तीच शिस्त. उत्तर चौकटीत लिहायचं, मग शेवटच्या ओळीपासून एकेक पायरी उलट पडताळत, पुसत वर जायचं. प्रश्न आणि उत्तर तेवढं उरायचं.

विलीनीकरणाच्या बैठकीत नवे विभागप्रमुख म्हणाले होते, "सर, दो विभाग एक हो रहे हैं, बस. गड़बड़ हुई तो फिर अलग कर देंगे." मामा घरी येऊन धुमसत होते, "दोन तारा आत, एक बाहेर! आत काय होतं हे मग कोण सांगणार? संस्थान गेलं तेव्हा आजोबांची कचेरीही अशीच विलीन झाली. झाली का परत वेगळी?"

तेराव्यानंतर तेच प्रमुख भेटायला आले. नजर फळ्यावरच्या चौकटीवर. ज्या सर्किटाला ढीगभर गेट लागतात असं सगळे मानत होते, ते मामांनी निम्म्याहून कमी गेटांत बसवलं होतं. "शोकसभा के लिए फोटो ले लूँ?" शोकसभेला माणसाचा फोटो लागतो, फळ्याचा कशाला? मी विचारलंच. ते मामीकडे वळले, "भाभीजी, बीच का हिस्सा कहाँ है?"

"पुसलं त्यांनी," मामी म्हणाली. "दवाखान्यात न्यायला गाडी दारात, आणि हे खडू घेऊन उलटे चाललेत. म्हटलं, अहो, चला आता! तर म्हणे, अर्ध्यात सोडलं तर घाण राहते."

प्रमुखांनी चहा अर्धाच ठेवला.

मला संशय आहे. उद्या हे उत्तर 'विभागाचं' म्हणून छापून येईल. म्हणून जाहीर सांगते : ज्याला त्याखाली आपलं नाव हवंय, त्यानं शोकसभेत खडू घ्यावा आणि उत्तरापासून प्रश्नापर्यंत मागे चालून दाखवावं. मामांच्या विद्यार्थिनी पहिल्या रांगेत बसतील. त्यांना ती वाट ठाऊक आहे.

फळा दाना ओलीतच राहील. त्याच्याखाली अजून खडूची पूड पडलीय... तिथवर आला की मामीचा झाडू मागे वळतो.