भावाखालच्या चार ओळी

आधी माफी मागतो. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. आई-वडील अंगठा लावत. अशा घरातल्यानं स्वतःच्या लिहिण्याबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच आहे. पण एक राग मनातून जात नाही, आणि तो सांगायचा तर लिहिण्याबद्दलच सांगावं लागतं.

आमचं गाव सावद्याजवळ. मी भुसावळच्या कॉलेजात जाऊ लागलो, तेव्हा अक्षर बरं म्हणून गावातल्या केळी खरेदीच्या कार्यालयानं मला फळा लिहायचं काम दिलं. सकाळी फोनवर केळीचा भाव यायचा. दारातल्या फळ्यावर तो खडूनं मोठा लिहायचा आणि एसटी पकडायची, एवढंच काम. भाव वरच्या अर्ध्या भागात मावायचा. खालचा अर्धा रोज मोकळाच. एकदा भीत भीत तिथं मी चार ओळी लिहिल्या. पूर्वेला सहस्ररश्मी भास्कराचं आगमन झालं, असं काहीतरी.

भाव बघायला रोज पहिले येणारे म्हातारे शेतकरी म्हणजे नाना. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"सूर्य उगला, ते आम्हाले दिसते ना बापा. पुढं सांग."

पुढं काही नव्हतंच. जमलेले सगळे हसले. मी एसटीत तोंड खिडकीकडे करून बसलो.

दुसऱ्या दिवशी नव्या भावासाठी फळा पुसावाच लागला, आणि तो मोकळा अर्धा पुन्हा समोर आला. या वेळी लिहिलं की काल वाऱ्यानं शिवेवरची बाग आडवी झाली, मालक बांधावर बसून होता आणि कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. कोणी हसलं नाही. नाना मात्र म्हणाले, "दोन जनं गेल्ते. त्यातला एक मी. इचारत जाय ना भाऊ लिवायच्या आधी."

असं रोज चाललं. कालची ओळ कितीही जमलेली असो, सकाळी ती पुसायची आणि नवी लिहायची. वाचणारा समोर उभा, त्यामुळे खोटं चालत नव्हतं आणि लांबण तर मुळीच नाही. कॉलेजात निबंधावर "भाषा ग्रामीण" असा शेरा मिळायचा. भाषेचं काय करायचं, ते मला फळ्यासमोरच कळत गेलं.

मग एका सकाळी मी लिहिलं : "वर लिहिलेला भाव काल कोणाच्या हातात पडला?" फळ्यावर एक भाव आणि बागेत व्यापारी देणार त्याहून कमी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या मनात ती फक्त एक ओळ होती. पण लिहिणारा हात माझा असला, तरी भावाखाली प्रश्न आला म्हणजे तो कार्यालयाचाच, असं लोकांनी धरलं. त्यांना वाटलं, कार्यालय विचारतंय, तर उत्तर द्यायला पाहिजे. संध्याकाळी मी परतलो तर दारात रांग. एकेक जण व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जायचा, हात जोडायचा आणि सांगायचा, "साहेब, मले नाही पडला."

"मलेबी नाही."

नाना आत जाऊन म्हणाले, "इचारलं ते बरं केलं साहेब. आजलोग कोनी इचारलं नव्हतं."

लोक गेल्यावर व्यवस्थापकांनी मला आत बोलावलं. माझ्यासमोर त्यांनी स्वतः ती ओळ पुसली.

"लेखक व्हायचंय ना तुला? मग वहीत लिही. फळा भावासाठी आहे."

"साहेब, त्यात खोटं काय होतं?"

"खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम गेलं. त्यांनी मला चुकीचा ठरवलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण खरं आहे हे कबूल करून त्यांनी ते पुसलं, आणि त्याच हातानं वरचा भाव तसाच ठेवला, जो कोणालाच मिळत नव्हता! एवढी माणसं उत्तर द्यायला आली, त्यातल्या एकाचंही पुढं काही झालं नाही.

वहीत लिहून पाहिलं. पुन्हा सूर्य उगवू लागला. वही कधी "पुढं सांग" म्हणत नाही.

नंतर बी.एड.साठी मी धुळ्याला आलो. गावाकडे जाणं कमी झालं. मधल्या काळात एकच विचार छळायचा : त्या अर्ध्या फळ्यावर आता दुसरं कोणी लिहीत असेल का? परवा धुळ्याच्या स्टँडवर नाना भेटले, नातीच्या सासरी निघालेले. चहा पिताना मी विचारलंच.

"पोरं लिवत व्हती ना," नाना म्हणाले. "तू गेला तवापासून कोनी ना कोनी लिवेच. साहेब पुसे, पोरं लिवत."

"मग आता?"

नानांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी हवेत एक पाटी दाखवली, टीचभर उंचीची.

"आता नवा फळा आनला. एवढाच. भाव मावते फक्त."