दिवे लागल्यावर विरजण मिळणार नाही

कमलिनी,

परवा फोनवर तू म्हणालीस, “कुमुदताई, ते स्वित्झर्लंडचं एकदा लिहून काढा हो. ह्यांना हल्ली सोयीचं तेवढंच आठवतं.” लिहिते. पण तुझी बाजू धरून लिहीन अशी आशा ठेवू नकोस. तुझ्या ह्यांची, बापूंचीही धरणार नाही. तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगणार आहे, कारण हे तुझ्या लेकीच्या, पर्णिकेच्या मुलांसाठी आहे. त्यांना मराठी वाचता येईल तेव्हा ती वाचतील. तोवर इतरांनी वाचायला हरकत नाही.

तर मुलांनो, तुमची आजी कमलिनी पाटणकर. देवरुखची. लग्नानंतर दुबईला आली तेव्हा नवऱ्याच्या हातात दोन बॅगा होत्या आणि हिच्या मांडीवर स्टीलची एक डबी. डबीत विरजण. सासूनं, म्हणजे ठकुबाईंनी, दिलेलं. ते त्यांना त्यांच्या सासूनं दिलेलं. त्याच्या मागं कोण होतं ते विचारू नका, मी विचारलं होतं आणि अर्धा तास गेला.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या इमारतीत कमलिनी दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी एका शिपिंग कंपनीत सेक्रेटरी, एकटी. हिचे बापू एसी बसवायचे. आधी दुसऱ्याकडे हेल्पर, मग स्वतःची चार माणसं, मग स्वतःची व्हॅन. अर्ध्या करामाला त्यांनी गार केलं आणि हिनं त्याच अर्ध्या करामाला दही पुरवलं. इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की ही वाटीभर विरजण घेऊन दारात हजर. माणसं मल्याळी असोत, सिंधी असोत, तिला फरक नव्हता. खालच्या मजल्यावर दापोलीच्या मैमुनाबी राहायच्या, त्यांच्या घरी तर पहिल्या दिवसापासून हिचंच दही.

फक्त नियम एक. दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते.

मी सात वाजता घरी यायचे. म्हणजे माझ्या दारात लक्ष्मीचा प्रश्न रोजचाच. “अगं, दुबईत दिवे दिवसासुद्धा लागलेले असतात,” असं मी सांगून पाहिलं. तू म्हणालीस, “ते ऑफिसातले. देवाचा लागला का, ते बघायचं.” मी सुपरमार्केटमधलं डबाबंद दही खात राहिले आणि तू माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघत राहिलीस.

अठ्ठ्याण्णव साली बापू ज्या कंपनीचे एसी विकायचे तिनं स्कीम काढली. ठरलेला माल खपवला तर नवराबायकोला स्वित्झर्लंड. त्या उन्हाळ्यात दुबई अशी तापली की बापूंना विकायची गरजच पडली नाही, लोक हातातून ओढून नेत होते. तिकिटं घरी आली. बापू नाचायचेच बाकी होते. आणि तू म्हणालीस, “मी येत नाही. दह्याचं कोण बघेल?”

“मैमुनाबींकडे ठेव,” मी म्हटलं.

“दुसऱ्याच्या घरात गेलं की ते त्यांचं होतं, कुमुदताई. मग माझं राहत नाही.”

“पर्णिका आहे की.”

पर्णिका सतरा वर्षांची होती, सोफ्यावर आडवी. म्हणाली, “आई, इट्स जस्ट योगर्ट!” त्या वाक्यानं विरजणावरचा तिचा हक्क कायमचा गेला.

“फ्रिजमध्ये ठेव,” मी म्हटलं. “आठ दिवस मजेत टिकतं. बीएस्सी झालेली बाई सांगतेय तुला.”

“टिकतं. पण आंबतं. आंबट विरजण म्हणजे चिडलेली सासू. एकदा बिघडली की पुढं सगळंच बिघडतं.”

शेवटी तोडगा तूच काढलास. विरजणही येईल. आणि मीही यायचं, माझ्या पैशानं, कारण तिथं इंग्रजी बोलणारं कुणीतरी सोबत हवं. प्रत्यक्षात तिथं ज्या माणसांशी तुझं काम पडलं त्यांतल्या एकालाही इंग्रजी येत नव्हतं, हे सोड.

दुबई विमानतळावर तपासणीच्या माणसानं डबी उघडायला लावली. वास घेऊन तो म्हणाला, “लबन?”

“लबन म्हणजे ताक,” तू मला मराठीत म्हणालीस. “सांगा त्याला, हे ताक नाही, विरजण आहे.”

मी काय सांगणार? विरजणाला अरबीत काय म्हणतात हे कॉलेजात शिकवत नाहीत. मी म्हटलं, “लबन्स मदर.” तो हसला, डबीला आदरानं झाकण लावलं आणि “यल्ला, यल्ला” करत आम्हांला पुढं ढकललं.

आता ते तळी, डोंगर, गावं. मुलांनो, ते सगळं खरंच सुंदर होतं. ब्रिएन्झच्या तळ्याचं पाणी असं निळंहिरवं, की बापू बोटीच्या कठड्यावरून वाकून म्हणाले, “ह्यात काहीतरी मिसळलंय.” काठावरची लाकडी घरं, प्रत्येक खिडकीत लाल फुलं, एका फुलावर धूळ नाही. आणि आमची कमलिनी बोटीत तोंड फिरवून बसलेली, कारण डबी गार वाऱ्याला लागू द्यायची नव्हती. डबी बापूंच्या माकडटोपीत गुंडाळलेली आणि माकडटोपी बापूंच्या बगलेत.

“अगं, माझा हात अवघडला.”

“आयुष्यभर लोकांना गार केलंत. आठ दिवस एका डबीला ऊब द्या.”

“फोटो तरी काढू दे!”

“कुमुदताई काढतील. तुम्ही हलू नका.”

त्या तळ्यावरचे बापूंचे सगळे फोटो एका कुशीवर कललेले आहेत. बघणाऱ्यांना वाटतं पाठीचं दुखणं होतं.

दुसरी अडचण दुधाची. दर दोन दिवसांनी विरजण ताज्या दुधात पडलं पाहिजे, हा तुझा कायदा. हॉटेलात न्याहारीला अंगठ्याएवढ्या कपात साय मिळायची. ती तू जिभेवर ठेवून म्हणालीस, “हे दूध मेलेलं आहे.” मग तळ्याच्या वरच्या अंगाला एका गावात बस फोटोसाठी थांबली, सगळे डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, आणि तू एका गोठ्याकडे चालू लागलीस. मी मागं.

गोठ्यात माझ्याच वयाची एक बाई. गाय अशी की आपल्याकडच्या दोन तिच्यातून निघतील.

“विचारा, निरसं दूध आहे का.”

“मला जर्मन येत नाही, कमलिनी. निरसं तर अजिबातच येत नाही.”

“मग व्हा बाजूला.”

तू पदर खोचलास, गाईच्या गळ्याखाली खाजवलंस, मग हवेत दोन्ही हातांनी धार काढून दाखवलीस, मग चूल दाखवलीस आणि बोट हलवून ‘नाही’. न तापवलेलं. ती बाई खो-खो हसली आणि रिकामी पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरून दिली. पैसे घेईना. तू तिला पिशवीतला बेसनाचा लाडू दिलास. निघताना ती जर्मनमधून आणि तू देवरुखच्या मराठीतून वासराबद्दल बोलत होतात आणि दोघींना सगळं कळत होतं. बीएस्सी झालेली बाई शेणात पाय पडणार नाही असं बघत उभी होती.

संध्याकाळी हॉटेलच्या न्हाणीघरात स्टीलच्या पेल्यात दूध आणि त्यात पाणी तापवायची कॉइल. दुधाला कढ आला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मालक धावत वर आला. तोवर बापूंनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून जिन्याजवळची पेटी उघडलीसुद्धा होती. दिवे आले. मालकानं बापूंचा हात हातात घेतला, दिवे कुणी घालवले हे न विचारता.

आणि सकाळी दही लागलं! घट्ट, सुरीनं कापावं असं. तू मला हाक मारून दाखवलंस. तळं बघताना तुझा चेहरा एवढा उजळला नव्हता.

इथं एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कमलिनीच्या घरी दही लागलं की आधी चमचाभर काढून वेगळ्या वाटीत ठेवायचं, ते विरजण. मग उरलेल्याला घरच्यांनी हात लावायचा. म्हणजे समोर जे दही येतं ते खाण्यासाठीच, विरजण सुखरूप आहे, हे बापूंच्या हाडामांसात भिनलेलं.

त्या सकाळी मात्र वाटी काढायच्या आतच आमचा गाइड राहुल खालून ओरडायला लागला, “यल्ला आंटी, यल्ला, बस सुटतेय!” तू सगळं दही तसंच डबीत भरलंस, डबी टोपीत, टोपी पिशवीत.

आम्ही लाउटरब्रुनेनला गेलो. दोन्ही बाजूंना ताठ उभे कडे, आणि एका कड्यावरून धबधबा खाली उडी घेतो, पण जमिनीला लागेपर्यंत त्याचं पीठ होऊन जातं. तू बसमधून उतरलीस, मान वर केलीस आणि पहिल्यांदाच डबी विसरलीस.

“कुमुदताई, हा तर आमचा मार्लेश्वर! फक्त माकडं नाहीत.”

“माकडटोपी आहे,” मी म्हटलं. तू हसलीस. मग पायवाटेनं वर चढलो, तुषारांत भिजलो, तुझं कुंकू ओघळून नाकावर आलं आणि तू ते पुसलंही नाहीस. तो तासभर तू खरीखुरी सहलीला आली होतीस. नंतरच्या गोंधळात लोक हे विसरतात, म्हणून लिहून ठेवते.

बापू बसमध्येच राहिले होते. आदल्या रात्री त्यांनी वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून बुडवून खाल्ला होता आणि आता पोट धरून बसले होते. कंपनीनं दुपारच्या जेवणाला भाताचे डबे दिलेले. पोट बिघडलं की कोकणातला माणूस काय खातो?

आम्ही परत आलो तर बापू धबधब्याच्या ओढ्याकाठी उकिडवे बसलेले. हातात डबी. घासत होते. लग्न झाल्यापासून ह्या गृहस्थानं एक चमचा विसळला नव्हता.

“बरं वाटतंय आता,” ते म्हणाले. “दहीभात खाल्ला. दही काय झालं होतं, कमल! बोटानं पुसून खाल्लं. म्हटलं तुला भांडं नको घासायला.”

तू त्यांच्या हातून डबी घेतलीस आणि आत बघितलंस.

“विरजण काढून ठेवलंयस ना तू?”

तू डबी उलटी करून हलवलीस. बापूंचा चेहरा हळूहळू त्या कड्यासारखा पांढरा झाला.

“अगं, तू आधी काढून ठेवतेसच की! नेहमी ठेवतेस!”

“राखेनं घासलीत?” तू एवढंच विचारलंस.

“वाळूनं. मस्त निघाली.”

मी तोंड फिरवून धबधबा बघू लागले. मला हसू येत होतं, हे आता सांगायला हरकत नाही. पण तुझ्याकडे बघितलं आणि ते गेलं. सासू गेली तेव्हा तू देवरुखला वेळेत पोचू शकली नव्हतीस. त्यांच्या हातचं म्हणून तुझ्याकडे एवढंच होतं आणि ते बापूंच्या पोटात गेलं होतं, चीजच्या शेजारी.

पुढचे दिवस कसले सांगू? बर्फाच्या डोंगरावर सगळे लहान मुलांसारखे गोळे मारत होते आणि तू तारेवरच्या पाळण्यात बसून होतीस. बापूंनी समेटासाठी गाईच्या गळ्यातली मोठी पितळी घंटा आणली. तू म्हणालीस, “बांधा. तुमच्याच गळ्यात बांधा. निदान स्वयंपाकघरात शिरलात तर ऐकू येईल.” मी सांगून पाहिलं, “अगं, अख्ख्या इमारतीत तुझंच विरजण आहे, कुणाकडूनही घे.” तू म्हणालीस, “दिलेलं परत मागायचं? भिकारी आहे का मी?”

दुबईला उतरलो, सामानात वेळ गेला, टॅक्सी करामात शिरली तेव्हा मगरिबची, दिवेलागणीची अजान होत होती. पर्णिकेनं दार उघडलं. तिला डबीचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आई, आय एट अॅट मैमुनाबी आंटीज द होल वीक. सेम दही, यू नो. एक्झॅक्टली सेम.”

तू पिशवी खाली ठेवलीस, घासलेली डबी उचललीस आणि खाली गेलीस. मी कठड्यावरून वाकून बघत राहिले. बापू माझ्या मागं.

मैमुनाबींनी दार उघडलं, डबी बघितली, सगळं ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवले.

“दिवे लागले गो. आता नाय मिळायचं.”

“मैमुनाबी, चेष्टा नको.”

“चेष्टा कसली? तूच सांगितलंस. दिवे लागल्यावर दिलं तर बरकत जाते. एवढी वर्षं पाळतोय आम्ही. सकाळी ये.”

“अगं, पण ते माझंच आहे!”

“होतं. माझ्या घरात आलं, माझं झालं. हेपण तूच सांगतेस.”

वर बापूंनी तोंडात रुमाल कोंबला. खाली तू उभी होतीस, तोंड उघडं, डबी पुढं केलेली. मग, कमलिनी, तू हसायला लागलीस. पायरीवर बसून हसलीस, मैमुनाबी शेजारी बसल्या, आणि तुम्ही दोघी इतक्या हसलात की वरचा सिंधी खाली बघायला आला.

सकाळी उजाडताच तू त्यांच्या दारात. त्यांनी चमचाभर दही डबीत घातलं, तू पदरानं डबी झाकलीस आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावलास. “मरू दे गो ते,” त्या म्हणाल्या, “चहा घे.” तू त्यांच्याकडे पहिल्यांदाच बसून चहा घेतलास. इतकी वर्षं देतच आली होतीस, घ्यायची सवय नव्हती तुला.

त्याच दिवशी तू मला एक रिकामी डबी दिलीस. “कुमुदताई, एका शुक्रवारी दिवसाउजेडी या. तुमच्याकडेही असू दे. पुन्हा ह्यांनी खाल्लं तर मी कुठं जाऊ?”

शुक्रवारी सुटी, मी उशिरा उठायचे, मग कपडे, मग बाजार, आणि तुझ्या दारात यायचे तेव्हा तुझ्या देवापाशी समई लागलेली. एकदा डिसेंबरात साडेपाचला आले. तू आतूनच ओरडलीस, “लागला हो दिवा!” एक मिनिट थांबली असतीस तर काय बिघडत होतं? पण नाही. पुढं तुम्ही देवरुखला गेलात, मी पुण्याला आले.

परवा तू पुन्हा म्हणालीस, “या की एकदा, विरजण न्यायला.” मी स्टँडवर चौकशी केली. पुण्याहून सकाळी निघणारी गाडी देवरुखला पोचते ती दिवेलागणीला.

रिकामी डबी अजून माझ्याकडेच आहे.